सहा घमेली

भाद्रपद सरत आला की खाडीची चव बदलते. पावसाळाभर वरून उतरलेलं गोडं, गढूळ पाणी मागे हटतं आणि भरतीबरोबर खारं पाणी आत येतं, पार ठाकुर्लीपर्यंत. ते चाखून बघावं लागत नाही. दारात उभं राहिलं तरी वासावरून कळतं. चिखल तापतो, तिवरांच्या मुळांत बुडबुडे फुटतात आणि बिळांच्या तोंडाशी चिंबोऱ्या येऊन बसतात. अवसेच्या भरलेल्या, पुनवेच्या पोकळ, असं माझे बाबा सांगायचे.

आज सकाळी तो वास आला. दुसऱ्या कोणाला त्या वासाने भूक लागेल. माझी मान खाली गेली. मी अंगणात एकटीच होते, बघणारं कोणी नव्हतं, तरी मी पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला. इतकी वर्षं झाली, पण अंगाला ती सवय लागली आहे.

हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. बोलता येत नाही म्हणून लिहिते.

माझं माहेर कोपरीचं, खाडीकडच्या कोळीवाड्यातलं. मी लहानपणापासून अंगाने मोठी. आई म्हणायची, आमच्या घरच्या बायका अशाच, तुझी आत्या दारातून तिरकी यायची. पण आत्या मोठ्याने हसायची, भांडायची, तिला कोणी काही बोलायची हिंमत करत नसे. मला तिचं अंग मिळालं, तोंड नाही मिळालं. चौथीनंतर माझी शाळा सुटली. घरात कामाला माणूस हवं होतं हे खरं, आणि बाकावर माझ्या शेजारी तिसरी मुलगी बसायला तयार नसे, हेही खरं. मी शाळेसाठी हट्ट केला नाही.

होडीला आम्ही होरी म्हणतो. पलीकडे जत्रेला जायचं असलं की सगळी पोरं होडीच्या काठावर बसायला धावायची. काठावर बसलं की हात पाण्यात सोडता येतो. बाबा ओरडायचे, "ए पारू, तू मदी बस. बरोब्बर मदी." मी मधे बसायचे, गुडघे पोटाशी घेऊन, आणि माझ्या दोन्ही बाजूंनी पोरं पाण्यात हात घालून किंचाळायची. कधी चुकून हलले तर सगळी एकदम गप्प होऊन माझ्याकडे बघायची. तेव्हापासून कुठेही गेलं की मी आधी मधली जागा बघते.

आईबरोबर मी नौपाड्यात मासळी विकायला जायचे. जिने चढून मला धाप लागायची. एका घरच्या वहिनी फार मायेच्या होत्या. आम्हाला पाणी द्यायच्या, मासळीचा भाव फारसा पाडायच्या नाहीत. एकदा म्हणाल्या, "अगं, बस ना जरा, दमलीस. पण त्या खुर्चीवर नको हं, तिचा पाय जरा हलतो." मी फरशीवर बसले. त्यानंतर त्यांचे सासरे आले आणि त्याच खुर्चीवर बसून पेपर वाचू लागले. वहिनींचा चेहरा लाल झाला. मला त्यांचंच जास्त वाईट वाटलं. बिचाऱ्या चांगलं वागायला गेल्या होत्या.

लग्न झालं आणि मी डोंबिवलीच्या खाडीकाठच्या गावात आले. आमचे हे रेतीवर होते. तेव्हा डोंबिवलीत जिकडे तिकडे इमारती उठत होत्या आणि त्या सगळ्या इमारती आमच्या खाडीच्या तळातून वर येत होत्या. रेतीच्या मोठ्या होड्या खाडीच्या मधे उभ्या राहायच्या. बांबू तळात रोवायचा, त्याला धरून माणसाने बादली घेऊन खाली बुडी मारायची, तळाची रेती बादलीत भरायची, वर यायचं. दिवसभर तेच. हे अंगाने काडीसारखे, पण दम मोठा. पाण्याखाली गेले की होडीवरची माणसं दुसऱ्या गप्पा सुरू करायची. गप्पा संपल्या की हे वर यायचे. माझी मोठी जाऊ आम्हा दोघांना एकत्र बघून म्हणायची, "जोरा कसा, बांबू नि माठ."

बुड्या मारणाऱ्यांचे कान जातात. आधी कानातून पाणी यायचं, मग रक्त, मग ऐकू येणं कमी झालं. त्याचं कोणाला विशेष वाटलं नाही, त्या धंद्यात बहुतेकांचं तसंच होतं. पण त्या वर्षी पावसाळ्याच्या आधी यांना चक्कर येऊ लागली. होडीत पाय ठेवला, होडी जराशी डुलली की यांचं डोकं गरगर फिरायचं आणि हे ओकायचे. नौपाड्यातल्या कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "आता पाण्याखाली जायचं नाही. आणि होडीतही चढू नका. तोल गेला आणि पडलात तर वर-खाली कळणार नाही तुम्हाला."

यांना नीट ऐकू आलं नाही. माझ्याकडे बघून यांनी विचारलं, "काय म्हनतात?" मी खालच्या आवाजात सांगितलं. पुन्हा विचारलं. बाहेर बाकावर माणसं बसली होती. माझा आवाज वर निघेना. शेवटी डॉक्टरच ओरडले, "पाणी बंद!"

आम्ही घरी आलो. संध्याकाळी हे खाडीच्या धक्क्यावर जाऊन बसले आणि पाण्याकडे पाठ केली. तसं बसलेलं मी यांना कधी पाहिलं नव्हतं. पुढे रोज तसेच बसू लागले.

ऐकू येत नाही तो माणूस मोठ्याने बोलतो. आपला आवाज किती लांब जातो हे त्याला कळत नाही. आणि मी तर जवळच्यालाही ऐकू जाणार नाही इतकं हळू बोलणारी. आमच्या संसारात सगळं बोलणं एकाच बाजूने, आणि सगळ्या गावाला ऐकू जाणारं. "लुगरं नवं घ्यायला हवं तुला, यं पुरत नाय," असं हे प्रेमाने म्हणायचे आणि शेजारच्या अंगणात भांडी घासणाऱ्या बायका घासायच्या थांबायच्या.

चिंबोऱ्या धरायची कल्पना यांचीच. ते काम मला माहेरी येत होतं. फग म्हणजे लोखंडी कडीला ओवलेली जाळी, मधे कोंबडीची आतडी नाहीतर वाम माशाचं डोकं बांधायचं आणि तिवरांच्या कडेने पाण्यात सोडत जायचं. थोड्या वेळाने एकेक उचलायचा. त्यासाठी दोन माणसं लागत नाहीत. एक लहान होडी आणि वल्हवायला एक माणूस. हे म्हणाले, "तू जा. मी काठावरून बगतो." घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं आणि पोर अजून लहान होती. मी हो म्हटलं.

आता होडी बघायची. कल्याणच्या खाडीवर एकाकडे एक होती, लांबट, अरुंद, बुडाला गोल, नुकतं डांबर दिलेली. पाण्यावर ती पातीसारखी दिसायची. यांनी तिच्याभोवती फेरी मारली, काठ ठोकून बघितला. मग माझ्याकडे वळून पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. ती नजर मी ओळखत होते. रेतीचा ढीग बघून त्यात किती घमेली भरतील हे सांगायचं असलं की हे तसं बघायचे.

"सा," हे म्हणाले. "सा घमेली भरशील तू. वली रेती."

होडीवाला हसला. तिथे रेती भरायला आलेले मजूर उभे होते, तेही हसले. हे हसले नाहीत. त्यांच्या धंद्यात वजन असंच मोजायचं. "भर रं," हे ओरडले, "हिची सा घमेली टाक होरीत!"

एकेक घमेलं होडीत पडत होतं आणि मजूर मोठ्याने मोजत होते. चार झाल्यावर एकाने थांबून माझ्याकडे बघितलं, म्हणाला, "अजून?" मी तिवराकडे बघत उभी राहिले. वाटलं, चिखलाने मला हळूहळू गिळावं, कोणाला न कळता. सहा झाली. होडी छान तरंगली. यांनी तिचा काठ धरून हलवला, ती थोडी डुलून सरळ झाली. "झाली पसंत," हे म्हणाले.

ते नाव आमच्या आधी गावात पोचलं. जाऊ दारातूनच म्हणाली, "काय गो सा घमेली, कवा चाललीस पान्यात?"

पहिल्या दिवशी मी त्या होडीच्या आडव्या फळीवर बसले, वल्हं उचललं, आणि वल्हं पाण्याला लागायच्या आत होडी माझ्यासकट उलटली.

कंबरभर पाणी होतं, खाली चिखल. मी बुडाले नसते. पण यांना ते कसं कळणार. मी ओरडले असेन तर तेही यांना ऐकू आलं नाही, यांनी फक्त उलटलेलं बूड पाहिलं. हे तसेच पाण्यात घुसले. दोन पावलं आले आणि गरगरून आडवे झाले. मग धक्क्यावरच्या माणसांनी आधी यांना ओढून काढलं आणि नंतर मला. मला काढायला तिघे लागले. एक जण म्हणाला, "दोर आना रं, दोर!" काठावर बसल्यावर यांनी ओकता ओकता माझा हात धरला होता. मी तो सोडवून घेतला, कारण ओलं लुगडं अंगाला चिकटलं होतं आणि ते सारखं करायला मला दोन्ही हात हवे होते.

मी सांगितलं, मी जाणार नाही. ही गोष्ट मात्र यांना एकदाच सांगून कळली.

होडी परत गेली. हे डोंबिवलीत एका इमारतीवर वॉचमन म्हणून लागले. फाटकावर गाड्या हॉर्न वाजवायच्या आणि हे शांतपणे दुसरीकडे बघत बसायचे. थोड्याच दिवसांत तेही काम सुटलं. मी ओहोटीला काठाकाठाने शिंपले वेचायचे. त्यात घर चालत नाही. पुन्हा धक्क्यावर यांची ती पाठ दिसू लागली.

शिंपले वेचताना हात कामात असतात, डोकं मोकळं असतं. मला त्या होडीचं कोडं सुटत नव्हतं. सहा घमेली होती तेव्हा ती स्थिर होती. मीही तेवढीच होते. मग? एक दिवस चिखलात फतकल मारून बसले असताना लक्षात आलं. रेती होडीच्या तळाला पसरते, निजून राहते. मी फळीवर बसले होते, गुडघाभर उंच. माझं सगळं वजन वर आणि खाली गोल बूड. रेतीवाल्या माणसाने मला रेतीसारखं मोजलं होतं. रेती सोडून दुसरं काही होडीत भरलेलं यांनी कुठे पाहिलं होतं?

म्हणजे मला लागणार होती सपाट बुडाची, रुंद पोटाची होडी, आणि फळी न घालता तळाशी पाय पसरून बसायचं. हे कळलं तेव्हा मला आनंद झाला नाही. कारण होडी बघायची तर आता घमेली चालणार नव्हती. मला स्वतःला बसून दाखवावं लागणार होतं. प्रत्येक होडीत, दिवसाउजेडी, जिच्या-तिच्या मालकासमोर.

कितीतरी दिवस मी ते यांना सांगितलं नाही. शेवटी एका दुपारी धक्क्यावर यांच्या शेजारी जाऊन बसले आणि चिखलात बोटाने काढून दाखवलं. गोल बूड, सपाट बूड. फळीवरची मी, तळाशी बसलेली मी. यांनी सपाट बुडावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "मंग कोपरीला जाऊ." आणि उठलेच.

कोपरीला आधी बाबांचीच होडी बघितली. मी तळाशी बसले. बाबांनी काठ आणि पाणी यांच्या मधे पंजा आडवा धरला. चार बोटं. "वीतभर तरी पायजे गो. चार बोटांत लाट आत येल." मी उठले. चुलत्यांची होडी पाहिली, ती आणखी अरुंद. माझं अंग दोन्ही काठांना टेकलं आणि उठताना मी अडकले. चुलत भावाच्या बायकोने मला हात दिला, तेव्हा ती हसू दाबायला ओठ चावत होती. मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर माझंही तेच झालं असतं. कोळीवाड्यातली पोरं आमच्या मागून चालू लागली होती. प्रत्येक होडीपाशी ती आधी जाऊन जागा धरत होती.

हे मात्र मन लावून बघत होते. मी बसले की काठ दाबायचे, नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून बघायचे, मागून बघायचे. मोठ्याने विचारायचे, "मांड्या दाटतात कं?" मी मानेने हो-नाही सांगायचे.

मिठागराच्या बाजूला तिवरांच्या कडेला एक होडी पालथी पडलेली होती. तिच्याखाली कोंबड्या होत्या. मिठाच्या गोणी वाहायची जुनी होडी. आखूड, पसरट, नाक चपटं. बाबा म्हणाले, "ती? ती होरी हाय कं परात?" पोरं खिदळली. यांनी कोंबड्या हाकलल्या आणि बाबांच्या मदतीने ती सुलटी करून पाण्यात ढकलली.

मी आत गेले. बसताना डोळे मिटले होते, उलटण्याची वाट बघत. होडी थोडी खाली गेली आणि थांबली. दोन्ही बाजूंना हात पसरता येईल इतकी जागा होती. डोळे उघडले तर पाण्याच्या वर वीतभर नव्हे, चांगला हातभर काठ. यांनी एका काठावर सगळा भार टाकला. होडी हलली नाही. मीठ मुरलेल्या लाकडाचा एक वास येत होता. मला इतकं मोकळं बसायला कुठेच मिळालं नव्हतं, आणि त्याच वेळी मनात येत होतं की ही गोणींसाठी केलेली आहे. गोणीच्या मापाची वस्तू मला बरोबर बसली होती.

"बरं वाटतंय?" यांनी विचारलं. मी मान हलवली.

माझा भाऊ ती भरतीबरोबर कळव्याच्या पुलाखालून, मुंब्र्याच्या कडेने वल्हवत घेऊन आला. मी तिच्या चपट्या नाकाला हळदकुंकू लावलं, नारळ हातात घेतला. होडी घरी आली की घरच्या बाईने ते करायचं असतं. बाकी बायका बघायला आल्या होत्या. जाऊ म्हणाली, "मालकिनीसारखीच हाय." नारळ फोडायचा माझा हात तिथेच थांबला. मग मी नारळ फोडला.

आता त्या रेतीच्या होड्या गेल्या. पंप आले, ते तळच ओढून घेतात, बुडी मारायला कोणी लागत नाही. खाडीच्या पाण्याला कधी कधी कारखान्यांचा रंग येतो. हे आता पूर्ण बहिरे झाले आहेत आणि पूर्वीपेक्षा मोठ्याने बोलतात. पोर कॉलेजात जाते. आज सकाळी तिने मला आतून बघितलं असावं. नंतर विचारलं, "आई, अंगणात एकटीच असताना पदर कशाला सावरतेस?" मी म्हटलं, वारा आहे. वारा नव्हता.

होडी घरी आली त्या वर्षी, आश्विनातल्या अवसेच्या आदल्या सकाळी मी होडीत तळाशी बसले. ओहोटी लागायला थोडा वेळ होता. धक्क्यावर नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. सहा घमेली पुन्हा पाण्यात जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. हे गुडघाभर पाण्यात उभे राहून मला एकेक फग देत होते. आतड्यांची पाटी जड होती, ती नाळेशी नीट ठेवायला यांनी एक पाय होडीत टाकला. पाटी ठेवली. मग तो पाय तसाच राहिला. यांनी माझ्याकडे बघितलं, मग पाण्याकडे, आणि दुसरा पायही आत घेतला.

हे हळूच खाली बसले, दोन्ही हातांनी काठ धरून, डोळे गच्च मिटून. चक्कर यायची वाट बघत. एका रेतीच्या होडीची लाट आली, काठाला लागली, फुटून गेली. आमची होडी तळाशी धरून ठेवल्यासारखी पडून होती. बराच वेळ गेला. यांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. मग एक हात काठावरून काढून पाण्यात घातला आणि तिथेच ठेवला.

यांच्या तोंडावर जे आलं ते मी लग्नानंतर पाहिलं नव्हतं. हे धक्क्याकडे वळले आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडले, "बगा रं! हिच्या वजनानं होरी डुलत नाय! ही बसली तं मी बी बसतो!"

धक्का फुटल्यासारखा हसला. कोणीतरी शिटी मारली. जाऊ पदर तोंडाला लावून वाकली होती. माझे कान तापले, डोळ्यांसमोरचं वल्हं दिसेना. यांना हसण्यातलं काही ऐकू येत नव्हतं, फक्त तोंडं दिसत होती, उघडी, दात दाखवणारी. यांना वाटलं, आपल्यासारखेच सगळे खूश झाले. हे बसल्या जागेवरून त्यांना ओला हात हलवत राहिले, आणि मी मान खाली घालून होडी तिवरांच्या आड नेण्यासाठी जमेल तितक्या जोराने वल्हवू लागले.